गडावर नको, गढीत चालेल

सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पंचवीसेक किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने द्यायचं घाटतंय अशी बातमी आली आणि तिकडे गदारोळ उठला. महाराजांच्या गडांवर लग्नाचे मांडव आणि दारूच्या मैफली? सरकारने खुलासा केला की शिवरायांशी नातं असलेल्या संरक्षित गडांना हात लागणार नाही, विषय फक्त बाकीच्या किल्ल्यांचा आहे. गोंगाट थांबला, वाद मात्र मिटला नाही. अजूनही कुठल्या जुन्या वास्तूचं हॉटेल करायचं म्हटलं की एक बाजू म्हणते, पावित्र्य विकायला काढलं; दुसरी म्हणते, जरा युरोप बघा.

मी स्पेनमध्ये राहते. तर बघूच.

इथे ‘पारादोर’ नावाची हॉटेलं आहेत. सुरुवात १९२८ सालची. त्यातली कितीतरी किल्ल्यांत, मठांत, जुन्या वाड्यांत आहेत आणि ती चालवणारी कंपनी संपूर्ण सरकारी मालकीची आहे. सांतियागो या तीर्थक्षेत्री पायी येणाऱ्या यात्रेकरूंसाठी इसाबेल आणि फर्नांदो या राजाराणीने सोळाव्या शतकाच्या आरंभी रुग्णालय उभारलं. १९५४ पासून तिथे आलिशान हॉटेल आहे. पण रोज पहिल्या दहा यात्रेकरूंना तिथे फुकट जेवू घालायची प्रथा आहे. ग्रानादाला आल्हांब्रा या जुन्या राजवाड्याच्या आवारातल्या मठाचं हॉटेल झालं, तरी इसाबेल राणीला जिथे आधी पुरलं होतं ती जागा खोली न घेताही पाहता येते. मला यातलं मोल दिसतं ते इथे: हॉटेल आलं, पण दार बंद झालं नाही.

हे नुसत्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यानुसार सर्वोच्च संरक्षण मिळालेली वास्तू खासगी मालकीची असली, तरी महिन्यातले किमान चार दिवस ती लोकांना खुली ठेवावी लागते. दुरुस्तीत काही नवं घातलं तर ते नवं म्हणून ओळखू यायला हवं, जुन्याची नक्कल करायची नाही. हे नियम यायच्या आधी काय घडत होतं ते खाएन शहरात दिसतं. तिथे १९६० च्या दशकात टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष पाडून किल्ल्यासारखं दिसणारं नवंकोरं हॉटेल बांधलं. आपल्या दुर्गप्रेमींना नेमकी हीच भीती वाटते, आणि ती रास्त आहे.

‘युरोप बघा’ म्हणणारे एक फरक विसरतात. इथल्या अनेक किल्ल्यांना भिंती, दालनं, छप्पर आहे. आत माणसं राहू शकतील अशी इमारत आहे. आपल्या गडांवर काय उरलंय? तट, बुरूज, दरवाजे, पाण्याची टाकी आणि वाड्यांची जोती. १८१८ च्या युद्धात रायगडावरचे वाडे जळाले; इतर गडांवरचंही बरंच असंच गेलं. जोत्यावर हॉटेल उभारणं म्हणजे जीर्णोद्धार नव्हे, सरळ नवं बांधकाम. शिबंदीपुरत्या खोदलेल्या टाक्यांवर न्हाणीघरं आणि पोहण्याचे तलाव कसे चालणार? सांडपाणी कुठे सोडणार, कड्यावरून? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गड संरक्षित असो वा नसो, माथ्यावर हॉटेल नको.

पण गावोगावच्या गढ्या आणि वाडे? तिथे तुळया आहेत, चौक आहेत, सोपे आहेत आणि वारसांच्या भांडणात सगळं पावसात भिजतंय. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांच्या १७१० सालच्या गढीत हॉटेल झालंच ना! चुन्यात काम करणारा गवंडी आणि जुनं लाकूड जाणणारा सुतार जगवायचा तर त्याला सतत काम लागतं, आणि ते हॉटेलाच्या पैशातून मिळू शकतं. मात्र करारात तीन गोष्टी हव्यात: सरकारी वास्तूची मालकी सरकारकडेच, ठरलेल्या दिवशी सर्वांना प्रवेश आणि सिमेंटला बंदी. सही होण्याआधी तो करार लोकांना वाचायला मिळाला पाहिजे.

मुंबईतलं वॉटसन हॉटेल आठवा. ७ जुलै १८९६ ला लुमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात प्रथम दिसली ती तिथे. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ती इमारत मोडकळीला येत गेली आणि पाडायची की वाचवायची हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ती तर हॉटेल म्हणूनच बांधलेली. पावित्र्याचा प्रश्न तिथे कुणी काढणार नाही. सुरुवात तिथून करा.