'सिनात्रा अ‍ॅट द सँड्स' ऐकताना गायकाकडे थोडं दुर्लक्ष करा

अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा हा अल्बम सगळे सिनात्रासाठी ऐकतात. माझं मत उलटं आहे. निदान पहिल्या दोन वेळा तो पियानोवादक काउंट बेसीच्या जॅझ बँडसाठी ऐकावा. सिनात्रा त्यानंतर जास्त कळतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेकॉर्डिंग 1966 च्या जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीचं. जागा लास वेगासच्या सँड्स हॉटेलातली कोपा रूम. मूळ स्वरूप दोन एलपींचा संच, लेबल रिप्रीझ. सिनात्राचा बाजारात आलेला हा पहिला लाइव्ह अल्बम. तो नुकताच पन्नाशी ओलांडलेला, बेसी एकसष्टचा आणि बँडसमोर उभा असलेला संगीत-संयोजक क्विन्सी जोन्स अवघा बत्तीस वर्षांचा.

सुरुवात गिटारपासून करा. फ्रेडी ग्रीन 1937 पासून बेसीकडे होता. त्याच्या गिटारला अ‍ॅम्प्लिफायर नाही. मात्रेला एक असे चार ठोके, सोलो नाही, की नक्षी नाही. हात कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) आकार धरतो, पण बरेचदा मधल्या तारेवरचा एखाद-दुसरा सूरच नीट वाजतो. बाकीच्या तारा दाबून मुक्या केलेल्या. कारण साधं आहे: सहाही तारा वाजल्या तर पियानो आणि बास यांच्यामध्ये गिचमीड होते. म्हणून फोनवरचा 'बास बूस्ट' बंद करा. तो चालू असला की डबल बास फुगतो आणि गिटार त्याखाली गाडली जाते. मग हा बँड इतका हलका का चालतो ते कळतच नाही.

आवाज कुठे ठेवायचा हाही प्रश्न आहे. 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन'मध्ये गाणं थांबतं आणि ट्रॉम्बोन थरावर थर चढवत जातात, वरून ट्रम्पेट येऊन कोसळतात. तिथे कानाला सहन होईल इतका आवाज ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. बहुतेक जण हळू भागात आवाज वाढवतात, मोठ्या भागात दचकून कमी करतात. त्यात बँडनं मेहनतीनं ठेवलेला चढ-उतार सपाट होतो. ही अरेंजमेंट (कुठलं वाद्य कधी काय वाजवेल याची बांधणी) मुळात नेल्सन रिडलची, 1956 च्या स्टुडिओ रेकॉर्डिंगसाठी केलेली. तिथे मागे व्हायोलिनं आहेत. इथे ती नाहीत, त्यामुळे सगळा भार फुंकवाद्यांवर येतो. मला इथलीच जास्त आवडते, थोडी ओबडधोबड असूनही.

ताल धरताना आपली पंचाईत होते. समेवर टाळी द्यायची सवय असल्यानं हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे, ड्रमर सनी पेनचा हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी, तिथेच मिटतो. पाय चारही मात्रांवर, टाळी दोन आणि चारवर, असं एक अख्खं गाणं करून बघा. हात बसला की मग सिनात्राकडे वळा. तो शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकतो, कधी ओळ उशिरा उचलतो आणि शेवटी भरपाई करतो. हे लाड चालतात, कारण मागे लय एक कणभरही हलत नाही. बँड त्याच्यासाठी थांबला असता तर दोघंही घसरले असते.

'फ्लाय मी टू द मून' मुळात तीन मात्रांचं, वॉल्ट्झच्या चालीचं गाणं. क्विन्सीनं 1964 च्या सिनात्रा-बेसी अल्बमसाठी ते चारमध्ये आणलं, आणि आज जगाला तेच मूळ वाटतं. त्यात ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, कुठे बोलतो ते बघा. गायक श्वास घेतो त्या फटीत, दोन-तीन सुरांत, आणि लगेच गप्प. आपल्या कानावर बिग बँडचा ब्रास आला तो सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून, चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांकडून. पण तिथे ब्रासचा मोठा वाटा मुखडा-अंतऱ्यांमधल्या तुकड्यांत असतो. इथे तो ओळीच्या आत शिरतो.

'वन फॉर माय बेबी'ला सिनात्राचा जुना साथीदार बिल मिलर पियानोवर आहे. बेसीचा पियानो त्या गाण्याला चालला नसता. बेसी सूर वगळून काम करतो, तिथे सूर भरणारा माणूस लागतो.

आता तक्रार. 'द टी ब्रेक' हे सिनात्राचं अकरा-बारा मिनिटांचं भाषण. विनोद शिळे झालेत, दारूवरचे तर फारच. एकदा ऐका, मग खुशाल पुढे ढकला. पण शफल मात्र लावू नका. गाण्यांमधल्या टाळ्या एकमेकांत मिसळतात, क्रम मोडला की त्या मध्येच कापल्या जातात. ॲपमध्ये 'गॅपलेस' (गाण्यांमध्ये खंड न पडू देणारी सोय) असेल तर चालू ठेवा. आणि 'ऑल ऑफ मी', 'मेकिंग व्हूपी' हे नुसत्या बँडचे तुकडे गाळू नका. गायक नसताना हीच मंडळी किती कमी वाजवतात, ते तिथेच ऐकू येतं.

हे आवडलं तर पुढे 1955 चा 'काउंट बेसी स्विंग्ज, जो विल्यम्स सिंग्ज' घ्या. तिथला गायक पाहुणा नाही, बँडचाच माणूस आहे, आणि ब्लूज गातो.