तक्रार कंपनीकडे, अपीलही कंपनीकडेच

न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे किंवा 'गेम पॅक'चे पैसे मोबाइलच्या बॅलन्समधून कापले गेले की लोक एकतर चरफडत सोडून देतात, नाहीतर थेट ट्रायला (दूरसंचार कंपन्यांवरच्या नियामक संस्थेला) ईमेल ठोकतात. त्या ईमेलचा फारसा उपयोग नसतो. एकेका ग्राहकाचं भांडण सोडवण्याचा अधिकार ट्रायला कायद्यानेच दिलेला नाही, ती फार तर ते कंपनीकडे धाडते.

खरी वाट २०१२च्या तक्रार निवारण नियमांत आहे, आणि तिथे पहिल्याच पायरीवर माणूस घसरतो. कंपनीचा १२१ हा नंबर माहितीसाठी, १९८ तक्रारीसाठी. १९८वर समोरचा गोड आवाजात म्हणतो, "सर, रिक्वेस्ट टाकली आहे." तिथेच थांबवायचं. 'रिक्वेस्ट' वेगळी, 'कम्प्लेंट' वेगळी. अपील फक्त कम्प्लेंटवर होतं. "कम्प्लेंट म्हणून नोंदवा आणि डॉकेट नंबर एसएमएसने पाठवा" हे ठासून सांगा. डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक. तो एसएमएस डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पैसे कापल्याच्या तक्रारीत "मी काहीच दाबलं नव्हतं" असं सांगत बसू नका. असली सेवा सुरू करायला ग्राहकाचा दुसऱ्यांदा होकार घेणं बंधनकारक आहे. म्हणून एकच मागा: माझ्या दुसऱ्या होकाराची तारीख-वेळेसह नोंद दाखवा, नसेल तर पैसे परत करा. सेवा बंद करायला १५५२२३.

उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. फी नाही, ईमेल चालतो. डॉकेट नंबर, तारीख, रक्कम, काय हवं ते, एवढ्या चार ओळी पुरतात. निकाल ३९ दिवसांत लागायला हवा.

आता माझा मुद्दा. हे 'प्राधिकरण' नाव भारदस्त आहे, पण ते नेमते कंपनीच. सोबत दोन जणांची सल्लागार समिती असते, त्यात एक ग्राहक संघटनेचा आणि दुसरा पुन्हा कंपनीचा. शिवाय ती नुसता सल्ला देते. ज्याने पैसे कापले त्याच्याच घरात दाद मागायची, ही अपिलाची थट्टा आहे.

बँकेबाबत असं नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात जाता येतं. दूरसंचारलाही लोकपाल हवा हे ट्रायनेच २००४मध्ये सुचवलं, २०१७मध्ये पुन्हा सुचवलं. लोकपाल काही आला नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्याचं कलम ३० केंद्राला ऑनलाइन तंटा-निवारण यंत्रणा उभारायला सांगतं. मागणी करायची तर इथे बोट ठेवून करा: ती कंपनीबाहेरची असावी, तिचा आदेश कंपनीवर बंधनकारक असावा, आणि मराठीतून तक्रार करता यावी. तालुक्याच्या गावातल्या ज्येष्ठाला इंग्रजी फॉर्म देऊन 'सोय केली' म्हणू नका.

तोवर ग्राहक आयोग आहेच. २००९च्या एका निकालाचा दाखला देऊन कंपन्या "तुम्ही लवादाकडे जा" म्हणत टोलवत असत. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा दरवाजा ग्राहकासाठी उघडा असल्याचं स्पष्ट केलं. राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा. बरेचदा कंपनी तिथूनच हलते (९९ रुपयांसाठी आयोगात वकील पाठवणं त्यांनाही परवडत नाही).

आणि १९८ लागलाच नाही तर कंपनीच्या ॲपमधून लेखी तक्रार करा, डॉकेट नंबर तिथेही मिळायलाच हवा.