सुझुकी आडनावाचे जावई

तुमच्या लेखात सुझुकी आडनावाची नामवंत मंडळी छान जमवलीत, पण सुझुकी मोटर कंपनीच्या ओसामू सुझुकींना 'सुझुकी घराण्याचे वारस' म्हटलंय ते अर्धंच खरं. ते जन्मानं मात्सुदा, गिफू प्रांतातले. मिचिओ सुझुकींनी १९०९ साली हामामात्सूत विणकामाच्या मागांचा कारखाना काढला, तोच पुढे गाड्यांची कंपनी झाला; त्यांच्या नातीशी ओसामूंचं लग्न झालं आणि सासरचं आडनाव घेऊन ते घरात आले. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. तिकडे दत्तक जावयाकडे सरळ कंपनीच्या चाव्या देतात. १९७८ मध्ये अध्यक्ष झाले, मग मारुतीशी करार, पुढचं आपल्या रस्त्यांवर दिसतंच. २०२५ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषणही मिळालं.

बेसबॉलपटू इचिरो सुझुकीबद्दल एकच ओळ? हे आडनाव जपानात इतकं बोकाळलेलं की १९९४ मध्ये त्याच्या ओरिक्स संघाच्या प्रशिक्षकांनी त्याच्या जर्सीवर आडनावाऐवजी नुसतं 'इचिरो' लिहायला लावलं. दहा वर्षांनी अमेरिकेत त्यानं एका हंगामात २६२ हिट्स मारले, तो विक्रम आजही कायम आहे.

आणि अकिरा सुझुकी राहिलेच की! २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत 'सुझुकी' म्हटलं तर गाडी नाही, त्यांची अभिक्रिया आठवते. पुढच्या भागात घ्या त्यांना.