बघू

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे. कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

झालं असं. परवा रात्री मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की पाऊस सुरू व्हायच्या आत एका रविवारी क्लबहाऊसमध्ये फ्लूच्या लसीचं शिबिर ठेवू या. ओळखीच्या डॉक्टरीणबाई यायला तयार आहेत, सोबत नर्स असेल, लस बर्फाच्या पेटीतून आणतील, दवाखान्यात जाऊन घेण्यापेक्षा थोडी स्वस्तच पडेल. फक्त डोस किती आणायचे ते आधी कळायला हवं, तेव्हा नावं द्या. बास. आज सकाळी 10 वाजेपर्यंत 84 फ्लॅटमधून आलेली नावं : 9. त्यातली 3 आमच्याच घरची.

त्याच ग्रुपवर काल दुपारी कुणीतरी देवगड हापूसचा शेवटचा लॉट आलाय म्हणून टाकलं. वीस मिनिटांत 37 पेट्या बुक. बी विंगमधल्या एकांनी तर 'आमच्या व्याह्यांच्या पण दोन धरा' असं लिहिलं. खा बाबांनो, मीही दोन सांगितल्यात.

राग कशाचा आला सांगते. 'नको' असं एकानेही म्हटलं नाही. नको म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. इथे आठ अंगठे, चार जोडलेले हात, एक 'छान उपक्रम ताई' आणि बाकी सगळीकडे 'बघू'. बघू! या शब्दाशी भांडायचं कसं? तो होही नाही आणि नाहीही नाही. मराठी माणसाचं अर्धं आयुष्य या एका शब्दात निघतं.

माझ्या जवळच्यांना अण्णांचं माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात. माझे वडील, वय तेव्हा 74, पंधरा वर्षांची जुनी शुगर, पण माणूस खणखणीत. रोज पहाटे पर्वती. 103 पायऱ्या, मध्ये न थांबता, आणि वर गेल्यावर उशिरा येणाऱ्यांना टोमणे. 2022 च्या ऑगस्टमध्ये, दहीहंडीच्या आठवड्यात, त्यांना ताप आला. घरातल्या सगळ्यांनाच सर्दी होऊन गेली होती. आम्ही म्हटलं व्हायरल आहे, सगळीकडे साथ आहे. क्रोसिन, हळद-दूध, वाफ. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडला होता. सेल संपलेले. टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. आकडा आला 86.

अकरा दिवस हॉस्पिटल, त्यातले पाच आयसीयूत. रिपोर्टवर एच1एन1. म्हणजे आपण ज्याला स्वाईन फ्लू म्हणायचो तोच. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, भाऊ वाचतोय.

आता पुण्यातल्यांनो, तुम्हाला तरी हे सांगायला लागू नये. 2009 आठवतंय ना? देशातला स्वाईन फ्लूचा पहिला बळी आपल्या शहरात गेला, 3 ऑगस्टला, शाळेत जाणारी 14 वर्षांची मुलगी. त्यानंतरचे ते दिवस. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, शाळा बंद, तोंडाला रुमाल, मेडिकलमध्ये मास्क मिळेना. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. मी तिच्या फ्रॉकला कापूर-वेलचीची पुडी पिनेने लावून द्यायचे, कारण कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. (हसू नका, तुम्हीही लावली होतीत.) त्या वेळी कोणी येऊन म्हणालं असतं की यावर लस आहे, तर आपण रात्रभर फूटपाथवर झोपून रांग लावली असती.

मग पुढच्याच वर्षी लस आली. नाकात फवारायची तर आपल्याच हडपसरला तयार झाली. आणि तोवर भीती ओसरली होती. तो विषाणू मात्र कुठे गेला नाही. तोच आता दरवर्षीच्या फ्लूमधला एक म्हणून आपल्यात राहतोय. पावसाळ्यात येतो, जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोकावतो. आपण फक्त त्याला 'स्वाईन' म्हणायचं सोडलं, आणि 'साधा फ्लू' झाला की माणसं निर्धास्त. नाकातून पाणी आलं तरी फ्लू, पाच दिवस आयसीयूत काढले तरी फ्लू. शब्द एकच असला की असं होतं.

विषाणू तपासणारी देशातली मोठी संस्था या शहरात, जगभर लसी पाठवणारा कारखाना या शहरात. आणि आमच्या सोसायटीत नऊ नावं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लिफ्टमध्ये आज एका काकांनी विचारलं, 'अहो, पण दरवर्षी घ्यायची म्हणजे ती लस कसली? देवी एकदा काढल्या, संपलं.' दंडावरचा गोल व्रण पण दाखवला. प्रश्न चुकीचा नाही हं. पण देवीचा विषाणू बदलत नव्हता, हा दरवर्षी कपडे बदलून येतो. जागतिक आरोग्य संघटनेत वर्षातून दोनदा तज्ज्ञ बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, आणि यंदा कुठले प्रकार फिरतील त्याचा अंदाज बांधून लस ठरवतात. त्यात घेतलेल्या लसीचा जोर काही महिन्यांत उतरतो. म्हणून दरवर्षी. आणि टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून पावसाच्या आधी. छत्री आपण मे महिन्यातच दुरुस्तीला टाकतो ना, तसं. हे सगळं मी काकांना चौथा मजला ते तळमजला एवढ्यात सांगितलं. ते म्हणाले, 'बरोबर आहे. बघू.'

मला त्या क्षणी लिफ्ट परत वर न्यावीशी वाटली.

आणि ते दुसरं लाडकं वाक्य, 'लस घेतली की फ्लूच होतो.' अहो, या टोचायच्या लसीत मेलेला विषाणू असतो. मेलेला. दंड दुखतो, एखाद्याला अंग कसकसतं, एक दिवस कणकण येते. तो फ्लू नव्हे. फ्लू काय असतो ते आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी पाच रात्री पाहिलंय.

बरं, पैशाचं मान्य. दीड-दोन हजारांच्या घरात जाते एक लस, चार माणसांचं घर असेल तर गॅस, किराणा, क्लासची फी यात ती बसवणं सोपं नाही. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांच्यावर माझा राग नाही. पण 37 पेट्यांवाल्यांनी मला पैशाचं सांगू नये. आणि एक गोष्ट किती जणांना माहीत आहे? आपल्या राज्यात 2015 पासून गरोदर बायका आणि शुगर-बीपीचे पेशंट यांच्यासाठी सरकारी दवाखान्यात ही लस फुकट द्यायचं धोरण आहे. पोलिओच्या रविवारी रिक्षातून भोंगा फिरतो, बूथ लागतो, बोटाला शाई लावतात. याचा भोंगा तुम्ही कधी ऐकलात? मीही नाही. मग लोकांना कळणार कसं, स्वप्नात?

गरोदर म्हटल्यावर आठवलं. भाचीला सहावा महिना आहे. डॉक्टरांनी लस घ्यायला सांगितली तर सासूबाई म्हणाल्या, 'अशा दिवसांत कशाला नसती सुई?' बाळाला सहा महिन्यांचं होईपर्यंत ही लस देताच येत नाही, तोवर त्याला जे काही मिळतं ते आईकडूनच. हे मी फोनवर अर्धा तास सांगितलं. सासूबाई शेवटी म्हणाल्या... ओळखा काय म्हणाल्या.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असं नाही. हेही मान्य. ज्या वर्षी अंदाज चांगला जुळतो त्या वर्षीसुद्धा निम्म्याच्या आसपास संरक्षण. अण्णांनी घेतली असती तरी कदाचित त्यांना झालाच असता. हे मला कोणी सांगायची गरज नाही, हे मी स्वतःला रोज रात्री सांगत असते.

आता जे लिहिणार आहे ते भावालाही माहीत नाही.

अण्णा घरी आल्यावर मी त्यांचे कपडे धुवायला काढले. नेहमीचा पांढरा शर्ट, डावा खिसा. अण्णांचा खिसा म्हणजे बँक. त्यात पासची झेरॉक्स, पाच-दहाच्या नोटा, रबर बँड लावलेल्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी चार घड्या घातलेली. त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांच्या अक्षरात फ्लूच्या लसीचं नाव, तारीख एप्रिलची. मागच्या बाजूला अण्णांनी पेन्सिलने दुधाचा हिशोब मांडलेला, एप्रिल, मे, जून, जुलै. चार महिने ती चिठ्ठी त्या खिशातून या खिशात जात होती.

आणि मला आठवलं. एप्रिलमध्ये त्यांनी मला ती दाखवली होती. मी ऑफिसला निघाले होते, एका पायात चप्पल. म्हणाले, 'अगं, डॉक्टरांनी हे लिहून दिलंय. घ्यायचं का?' मी चिठ्ठी हातातसुद्धा घेतली नाही. म्हटलं, 'अण्णा, आत्ताच तर कोविडचा बूस्टर झालाय. किती टोचून घेणार? बघू.'

तर ग्रुपवरच्या त्या सगळ्या 'बघू'वाल्यांवर मी सकाळपासून जी चिडलेय ना, त्यातलं अर्धं तुमच्यासाठी नाहीच.

कोविडनंतर माणसं सुयांना कंटाळली आहेत, हे मला कळतं. प्रमाणपत्रं, मोबाईलवरचे ओटीपी, रात्री बारापर्यंत स्लॉट शोधणं, तिसरा डोस घ्यायचा की नाही यावरून घराघरात वाद. त्या सगळ्यातून बाहेर पडल्यावर आणखी एक इंजेक्शन कुणालाच नको वाटतं. मलाही नको वाटलं होतं. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी. त्यांच्या दंडाचा निर्णय मी एका पायात चप्पल घालून केला.

अण्णा आहेत, देवाच्या दयेने. पण तो माणूस तसा परत आला नाही. दम लागतो. पर्वतीला अजून जातात, रिक्षाने. खालच्या पायरीवर बसतात आणि चढणाऱ्यांना टोमणे मारतात. 'काय हो, आज लिफ्ट बंद का?' तिथली नेहमीची मंडळी उतरताना त्यांच्यापाशी थांबतात. दर वर्षी मे महिन्यात मी त्यांना घेऊन जाते, ते बाही वर करतात आणि नर्सला सांगतात, 'हिला पण द्या, हिला फार घाई असते.' त्यांना ती चिठ्ठी आठवते की नाही, मी कधी विचारलं नाही.

दुपारी आणखी एक झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, 'ताई, ते रविवारचं इंजेक्शन आम्हाला पण चालतंय का? मला शुगर आहे.' आणि मला लाज वाटली. 84 फ्लॅट मोजत बसले मी. मावशी, वॉचमन, रोज सगळ्यांच्या दारात जाणारा कचऱ्याचा मुलगा, यांचा विचार माझ्या त्या मेसेजमध्ये कुठेच नव्हता. मावशींच्या डोसचे पैसे मी भरतेय. वॉचमनच्या दोन डोसचे कोणी भरतंय का, ते खाली सांगा. कचऱ्याच्या मुलाला अजून विचारलेलं नाही, उद्या सकाळी विचारते.

एवढं लिहून होईपर्यंत दाराची बेल वाजली, म्हणून मध्ये थांबले होते. लिफ्टवाले काका. हातात दोन आंबे, पेटी उघडली म्हणाले. आंबे दिले, जिन्यापर्यंत गेले, परत आले.

'ते रविवारचं... उपाशीपोटी यायचं असतं का हो?'

म्हटलं, 'नाही काका. नाश्ता करून या.'