पोतं आणि स्की जंपर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्की जंपिंगवरच्या (पायांना स्की म्हणजे लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून लांब उडी घेण्याचा खेळ) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, आवडली. तुमचं म्हणणं असं : उतारावरून घसरायचं आणि पडायचं, यात खेळ कसला, निम्मा निकाल पंचांच्या मर्जीवर, आणि स्की जंपिंग 'जगभर लोकप्रिय' ही माझी थाप.

थाप कबूल. 'जगभर' मी उगाच ठोकून दिलं, आता खोडलंय. नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, स्लोव्हेनिया, जपान, अजून दोन-चार देश, की संपली यादी. पण तिथे मात्र वेड आहे. २००१ मध्ये पोलंडचा स्की जंपर आदाम मावीश (स्पेलिंग बघून मी बरेच दिवस 'मालिश' म्हणायचो) जिंकायला लागला आणि पोलंडमध्ये घरोघरी लोक टीव्हीपुढे बसू लागले.

'पडायचं' हे मात्र मान्य नाही. ज्या कडेवरून उडी घेतात ती वर वळलेली असते असं वाटतं ना? ती खाली झुकलेली असते! म्हणजे वर जाण्याचा जोर खेळाडूने स्वतःच्या पायांतून काढायचा, तोही ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग असताना, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात. त्याच वेगाने त्याच्याच वजनाचं पोतं सोडून बघा, कितीतरी आधी आदळेल. पुढे झुकलेलं अंग आणि स्कींचा 'व्ही' आकार मिळून पंखाचं काम करतात, म्हणून २०२५ मध्ये स्लोव्हेनियातल्या प्लानित्साला डोमेन प्रेव्ह्त्स हा खेळाडू २५४.५ मीटरपर्यंत गेला.

आता पंच. पाच जण उडीच्या शैलीला प्रत्येकी २० पैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाद होतात. उरले ६०. ऐकायला बरेच वाटतात खरे, पण अव्वल खेळाडूंमध्ये शैलीच्या गुणांचा फरक सहसा थोडाच पडतो. अंतराचे गुण वेगळे, उडीच्या मोठ्या टेकडीवर एकेका मीटरला १.८ गुण असतात, बहुतेकदा निकाल तिथेच लागतो.

तरी तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. स्वीडनचा यान बोक्लोव्ह १९८० च्या दशकात स्की 'व्ही' आकारात फाकवून उडायला लागला. तेव्हा स्की समांतर ठेवणं हीच 'शैली', त्यामुळे पंच त्याचे गुण कापत राहिले आणि तो इतरांपेक्षा लांब जात राहिला. १९८८-८९ चा विश्वचषक त्यानेच जिंकला. काही वर्षांत सगळेच 'व्ही'वर आले आणि गुण कापणंही थांबलं. त्या काळच्या पंचांवर तोंडसुख घ्यायचं असेल तर मीही येतो सोबत.