‘मोकळा पैसा म्हणजे मोकाट पैसा’ या आक्षेपाला उत्तर

सार्वजनिक सेवा एकत्र करून चालवण्याची मोकळीक गावांना द्यावी, असं मागच्या लेखात मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची सविस्तर प्रतिक्रिया आली. त्यांनी बरीच वर्षं स्थानिक निधीच्या लेखापरीक्षणात काढली आहेत, त्यामुळे ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निधी बंधित केला, म्हणजे ठरावीक कामांनाच बांधून ठेवला, तो उगाच नव्हे, मोकळ्या निधीतून सरपंचांनी पेव्हर ब्लॉक बसवले आणि कमानी उभारल्या. दोन खात्यांची कामं एकत्र केली की चूक कोणाची हे कधीच सापडत नाही. आणि एकेक ग्रामसेवक दोन-तीन गावं सांभाळतो, तो हे सगळं करणार कधी? त्यांचं शेवटचं वाक्य मी शीर्षकातच घेतलं आहे.

नमस्कार. पेव्हर ब्लॉक आणि कमानी मीही पाहिल्या आहेत, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कारणाबद्दल.

केंद्राकडून गावांना आलेला पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ या काळातला निधी घ्या. त्यातला ६० टक्के बंधित: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. यातली एक गरज पूर्ण भागली असेल तर तो पैसा दुसरीकडे नेता येतो, पण या दोहोंच्या बाहेर नाही. उरलेला ४० टक्के अबंधित. म्हणजे राज्यघटनेने पंचायतींसाठी नेमलेल्या, अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी गावाला गरज वाटेल तिथे खर्च करा, मात्र पगार आणि आस्थापनेवर करू नका. आता सरपंचाच्या जागी बसून विचार करा. मजुरीला जाणाऱ्या बायांची लेकरं दिवसभर सांभाळायला गावातलीच एक बाई नेमावी, तिला दरमहा काही द्यावं, असं ग्रामसभेत ठरलं. ग्रामसेवक पहिला प्रश्न विचारणार, हे कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात बसवायचं? उद्या आक्षेप निघाला तर वसुली कोणाकडून? त्यापेक्षा रस्ता बरा. त्याचं अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यता मिळते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, फोटो चढवता येतो. ज्याला मोकळा निधी म्हणतात, त्यालाही वाट बांधकामाचीच ठेवलेली आहे. मग तिथे पेव्हर ब्लॉक दिसले तर सगळा दोष सरपंचाच्या पदरात घालणं मला पटत नाही.

आणि बंधित पैसा वाया जात नाही असं तुम्हीही म्हणणार नाही. विहिरीला किंवा उद्भवाला पाणी नसताना बांधलेल्या टाक्या आणि सरपण ठेवायला वापरलेली शौचालयं तुमच्या तपासणीत आलीच असतील. कागद सगळे बरोबर असतात.

आता तुमचा दुसरा आक्षेप. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. तुम्ही म्हणता, एकत्रीकरणाने जबाबदारी पुसट होते. मी विचारतो, आज ती स्पष्ट आहे का?

पालघरच्या आदिवासी भागातलं, जव्हार-मोखाड्यातलं एखादं तीव्र कुपोषित मूल डोळ्यांसमोर आणा. त्याचं वजन घेते अंगणवाडी सेविका, ती महिला व बालविकासाची. घरी जाऊन विचारपूस करते आशा, ती आरोग्याची. रेशन पुरवठा विभागाचं. आईला मुलासोबत उपचार केंद्रात राहावं लागलं तर बुडीत मजुरी वेगळ्या योजनेतून. बापाला काम हवं असेल तर रोजगार हमीचा मस्टर आणखी वेगळ्या टेबलावर. दिवाळी उरकली की हे कुटुंब वीटभट्टीवर निघतं. का निघतं? कारण गावात काम नाही, किंवा काम आहे पण मजुरी हातात पडायला उशीर होतो, आणि भट्टीमालक उचल आधी देतो. मूल आईबापाबरोबर भिवंडी-वसईकडे गेलं की त्याचं नाव अंगणवाडीच्या वहीत ‘स्थलांतरित’ या रकान्यात जातं. तिथून पुढे त्याला कोण विचारणार? प्रत्येक खात्याची वही पूर्ण आहे, प्रत्येकाचा अहवाल वेळेवर गेला आहे. मूल दगावलं तर चूक कोणाचीच नसते. जबाबदारी पुसट होणं म्हणजे आणखी काय असतं?

या मुलाला वाचवायचं तर आहार आणि औषध जितकं लागतं, तितकंच दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात बापाच्या हातात पडलेली मजुरी लागते. ही जोड आशाला दिसते, सेविकेला दिसते, गावात सगळ्यांनाच दिसते. पण ती घालायचा अधिकार गावात कोणाकडे नाही.

समन्वय आपण करून पाहिला नाही असंही नाही. १९९२-९३ मध्ये जव्हारजवळच्या वावर-वांगणी आणि मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. सगळी खाती जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलाभोवती आणायची, हाच तिचा गाभा होता. भरारी पथकं, मातृत्व अनुदान, धान्यकोश असं बरंच काही त्यात होतं, आणि त्याचा उपयोगही झाला. पण सांधा जिल्ह्याला जुळवला आणि पाड्यावर सुटाच ठेवला. जिल्ह्याच्या बैठकीत आकडे येतात, मूल येत नाही. पाड्यावरची माणसं ते मूल नावानिशी ओळखतात, आणि नेमका त्यांच्या हातात पैसा नसतो.

म्हणून माझी मागणी पैसे उधळायच्या परवान्याची नाही. ग्रामसभेने ठराव करावा की या वर्षी आपल्या हद्दीतलं एकही तीव्र कुपोषित मूल देखरेखीतून सुटणार नाही. त्यासाठी कोणत्या खात्याचा किती पैसा आणि कोणाचा किती वेळ एकत्र वापरणार, हे त्याच ठरावात लिहावं आणि एका व्यक्तीचं नाव जबाबदार म्हणून घालावं. मग तुमच्यासारख्या लेखापरीक्षकाला बोट ठेवायला एक जागा मिळेल. आज तुम्ही पाच वह्या तपासता आणि पाचही बरोबर निघतात.

नियमच नकोत असंही मी म्हणत नाही. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना सुरू केली, तेव्हा राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांकडे दिला आणि त्याच वेळी बांधकामावरच्या खर्चाला वरची मर्यादा घातली. सरपंच रस्तेच करतील ही भीती त्यांनाही होती. त्यांनी त्या भीतीवर साधा, नेमका उपाय केला आणि बाकीचा निर्णय गावावर सोडला. तिथल्या पंचायतींकडे प्राथमिक आरोग्य केंद्रही आलं. पुढे २००८ मध्ये राज्याने परिहार सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचं धोरण आणलं आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी नर्स जाऊ लागली. तिचा खर्च पंचायत करते, औषधं आरोग्य केंद्रातून येतात, सोबतीला गावातले स्वयंसेवक असतात. एकट्या आरोग्य खात्याला घरोघरी अशी सेवा उभी करणं जड गेलं असतं.

तुमच्या तिसऱ्या आक्षेपात मात्र बरंच तथ्य आहे. केरळमध्ये ग्रामपंचायती हजाराच्या आत आहेत आणि एकेकीची वस्ती आपल्या छोट्या शहराएवढी. आपल्याकडे त्या सुमारे २८ हजार, त्यातल्या कित्येक दीड-दोन हजार वस्तीच्या. ग्रामसेवकाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण त्याच्या मागची कामं कमी झाली नाहीत. त्याच्यावर आणखी एक रजिस्टर लादून काही साधणार नाही, हे मला मान्य आहे. मला वाटतं, आपल्याकडे ही मोकळीक एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींच्या गटाला द्यावी. आदिवासी भागात तेवढ्या क्षेत्राची वस्ती साधारण २० हजार धरतात. पाच-सहा पंचायती मिळून एक हिशेबनीस नेमू शकतील, एक नर्स ठेवू शकतील. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला १० टक्के पंचायत समितीकडे जात होता. तशा निधीतला काही भाग अशा गटांना देता येईल. पण पगारावरची मनाई सैल झाल्याशिवाय ते शक्य नाही, आणि म्हणूनच मी मोकळीक मागतो आहे.

पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींना दिला जातो. सुरुवात करायची तर तिथूनच करावी. निर्णय ग्रामसभेचा, हे तत्त्व तिथे आधीच मान्य झालेलं आहे.

तुमच्याकडे एक मागणी आहे. पाच खात्यांचा पैसा एका ठरावाखाली खर्च झाला तर त्याचं लेखापरीक्षण कसं करावं, उपयोगिता प्रमाणपत्र कोणी द्यावं, आक्षेप कोणावर काढावा, हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं कळतं. त्याचा नमुना तुम्ही लिहून पाठवलात तर मी तो इथे जसाच्या तसा छापेन, माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेला तरीही.