बेट रिकामं होतंच कुठे?

नाशिकच्या वाचनवेड्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मथितार्थ असा: अभिजात साहित्यातलं बेट म्हणजे निर्मनुष्य, निवांत जागा, तिथे माणूस एकटा राहून स्वतःला शोधतो, रॉबिन्सन क्रूसोची 28 वर्षांची गोष्ट शब्दशः खरी आहे, आणि आपल्या जुन्या वाङ्मयात बेटांना थारा नाही. वाचायला गोड, पण सगळंच लंगडं.

आधी क्रूसो. बेटावर 28 वर्षं, हे बरोबर. पण सगळी एकट्याने नव्हेत. डॅनियल डिफोच्या 1719 च्या कादंबरीत शेवटची तीनेक वर्षं त्याने वाचवलेला फ्रायडे सोबत आहे, आणि त्याआधीही मुख्य भूमीवरचे लोक होड्यांतून येऊन जात असतात. वाळूतलं ते गाजलेलं पाऊल कुणाचं तरी होतंच ना! शिवाय हा गडी निघाला होता गुलाम आणायला. फुटक्या जहाजात नाणी सापडतात, तेव्हा 'तुझा इथे काय उपयोग' म्हणून पैशाला शिव्या घालतो आणि मग तीच नाणी कापडात गुंडाळून घेऊन येतो. फ्रायडेला त्याचं खरं नाव विचारत नाही. स्वतःच एक ठेवतो आणि आपल्याला 'मालक' म्हणायला शिकवतो. पुढे आणखी दोघं आल्यावर प्रजा वाढली म्हणून खूश होतो. याला आत्मशोध म्हणायचं तर सातबाऱ्यालाही अभंग म्हणावं लागेल.

'खरी गोष्ट' म्हणून बोट दाखवतात अलेक्झांडर सेल्कर्ककडे. हा खलाशी 1704 ते 1709, म्हणजे चारेक वर्षं, चिलीसमोरच्या बेटावर होता. तोही जहाज गळकं आहे म्हणून भांडून आपणहून उतरलेला. डिफोचं बेट पार दक्षिण अमेरिकेच्या दुसऱ्या अंगाला, ओरिनोको नदीच्या मुखाजवळ.

निवांतपणाचं म्हणाल, तर ग्रीक महाकवी होमरचा ओडिसियस कॅलिप्सो या देवतेच्या बेटावर सात वर्षं अडकलाय. ती अमर करायला तयार, आणि हा किनाऱ्यावर बसून घरासाठी रडतोय. ते घर, इथाका, तेही बेटच. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मध्ये तर तिथलाच कॅलिबन बाहेरून आलेल्या प्रॉस्पेरोला तोंडावर सुनावतो: हे बेट माझं, आईकडून आलेलं, तू बळकावलंस. बेट ओसाड दिसतं ते बाहेरून आलेल्याला, तिथल्याला नाही.

जुन्या वाङ्मयात बेटं नाहीत, हे शेवटचं विधान नाशिककरांनी पुढे पाठवावं याचं मात्र नवल वाटतं. पंचवटीत सीतागुंफेत वाकून शिरणाऱ्यांना सीतेला कुठे नेलं हे सांगायला हवं? समुद्रात शंभर योजनांवरचं द्वीप, असं वाल्मीकींच्या रामायणात जटायूचा भाऊ संपाती सांगतो. सुंदरकांडात हनुमान तिथे रात्रभर हिंडतो: तट, वाडे, पुष्पक विमान, रावणाची मद्यशाळा, दमून झोपलेल्या स्त्रिया, पहाटे तर वेदघोष कानी येतो. इतकं गजबजलेलं बेट दुसरं दाखवा! हर्षाच्या संस्कृत नाटकातली रत्नावली सिंहलद्वीपाची राजकन्या, जहाज फुटून कौशांबीच्या अंतःपुरात दासी होऊन राहिलेली. बौद्ध जातककथांत ताम्रपर्णी बेटावरच्या यक्षिणी गलबत फुटलेल्या व्यापाऱ्यांना घरी नेऊन खाऊन टाकतात. त्याच धाटणीची सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात रंगवलेली आहे. ग्रुपची पुढची सहल तिकडेच काढा.